नडगी मोडली, डॉक्टर रॉड टाकायचं म्हणतात: कबड्डीपटू मुलाच्या वडिलांना सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: "मुलगा 19 वर्षांचा, कबड्डी खेळतो, मुख्य चढाईपटू आहे. काल संध्याकाळी मॅटवरच्या सामन्यात पकडीत पाय अडकला आणि उजवी नडगी मोडली. एक्स-रेत दोन्ही हाडं मोडलेली दिसतात, बाहेर जखम नाही. दवाखान्यात मांडीपर्यंत अर्धं प्लास्टर बांधून ठेवलंय. डॉक्टर परवा रॉड टाकू म्हणतात. घरचे म्हणतात ऑपरेशन नको, हाडवैद्याकडे नेऊ. प्लास्टरवर भागणार नाही का? रॉड आयुष्यभर आत राहणार का? पोरगं पुन्हा खेळेल का?"

सगळ्या प्रश्नांकडे येतो. पण आधी मुलाच्या खाटेजवळ जा आणि त्याचा पाय बघा. मोडलेलं हाड दोन दिवस थांबू शकतं. हाडाभोवतीचे स्नायू मात्र थांबू शकत नाहीत, आणि नडगीच्या फ्रॅक्चरमध्ये पहिल्या दोन दिवसांतला खरा धोका त्यांनाच असतो.

गुडघ्याखाली पायात स्नायूंचे चार कप्पे आहेत. प्रत्येक कप्प्याला चिवट, न ताणणारं आवरण असतं. हाड मोडलं की आत रक्त साचतं, स्नायू सुजतात, आणि आवरण जागा देत नाही म्हणून आतला दाब वाढत जातो. एका मर्यादेपलीकडे बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. असं साधारण सहा ते आठ तास राहिलं तर स्नायू आणि नसा कायमच्या निकामी होऊ लागतात. ही आपत्ती सर्वांत जास्त नडगीच्या फ्रॅक्चरमध्येच दिसते, आणि तीसुद्धा तरुण, पिळदार पायांच्या मुलांमध्ये, कारण त्यांच्या कप्प्यांत रिकामी जागा मुळातच कमी असते.

ओळखायचं कसं? हाड मोडल्याचं दुखणं प्लास्टर बांधून पाय स्थिर केल्यावर आणि औषध दिल्यावर कमी व्हायला हवं. ते कमी न होता तासागणिक वाढत असेल, मुलगा इंजेक्शनमागून इंजेक्शन मागत असेल, पोटरी दगडासारखी टणक लागत असेल, तर सावध व्हा. त्याच्या पायाची बोटं तुम्ही हलक्या हाताने वर-खाली करून बघा. त्याने स्वतः हलवायची नाहीत. तेवढ्यानेही तो किंचाळला तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका, ताबडतोब नर्सला आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बोलवा. बोटांना मुंग्या येणं, अंगठ्याच्या बेचक्यात स्पर्श न समजणं ही पुढची पायरी. एका गोष्टीने मात्र फसू नका: पावलावरची नाडी लागते, बोटं गुलाबी आहेत, म्हणून सगळं ठीक आहे असं नाही. मोठी धमनी शेवटपर्यंत वाहत राहते, आतले स्नायू त्याआधीच मरायला लागलेले असतात.

असं झालं तर डॉक्टर पहिल्यांदा प्लास्टर आणि आतला कापूस, पट्टी सगळं थेट कातडीपर्यंत कापून मोकळं करतात आणि पाय छातीच्या पातळीवर ठेवतात. या परिस्थितीत पाय फार उंच उचलला तर उलट रक्तपुरवठा आणखी घटतो. तेवढ्याने भागलं नाही तर कप्प्यांतला दाब मोजतात. तो दाब आणि रुग्णाचा खालचा रक्तदाब यांत रक्तदाबाच्याच मापात (मिलिमीटर पारा) 30 पेक्षा कमी फरक उरला तर कप्पे उघडावे लागतात. लक्षणं स्पष्ट असतील तर मोजत बसायचीही गरज नसते. दोन्ही बाजूंनी लांब चीर देऊन आवरणं उघडतात, जखमा काही दिवस उघड्या ठेवतात, सूज उतरली की शिवतात किंवा त्वचा लावतात. दिसायला भीतीदायक असतं, पण वेळेत केलं तर पाय वाचतो. उशीर झाला तर हाड उत्तम जुळूनही पाऊल लटकं राहू शकतं. असा मुलगा चालताना पाय ओढतो, कबड्डी तर दूरच.

पाय शांत असेल तर आता निवांत बसून पुढचं वाचा.

बाहेर जखम नाही असं तुम्ही लिहिलंय, हे चांगलं लक्षण आहे. तरी प्लास्टर बांधण्याआधी कुणी सगळ्या बाजूंनी बघितलं होतं ना, एवढं विचारून घ्या. नडगीच्या आतल्या बाजूला हाडावर फक्त कातडी असते. तिथे हाडाचं टोक आतून टोचून मसुराएवढं छिद्र पडलं आणि त्यातून रक्त झिरपत असलं, तरी वैद्यकीय हिशेबात ते उघडं फ्रॅक्चर. मग अँटिबायोटिक होता होईल तेवढं लवकर, शक्यतो पहिल्या तासातच सुरू करावं लागतं, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागतं आणि जखम ऑपरेशन थिएटरमध्ये नीट धुवावी लागते. मातीच्या मैदानावर हे आणखी महत्त्वाचं.

आता हाड मोडलं कसं ते बघू, कारण उपचार त्यावर ठरतात. चढाईपटूची नडगी बहुतेक दोन प्रकारे मोडते. एक म्हणजे घोट्याची पकड बसते, पाऊल मॅटला चिकटून राहतं आणि वेगात निघालेलं शरीर वळतं. हाडाला पीळ बसतो, एक्स-रेत मोड तिरपी, गोल जिन्यासारखी वर चढत गेलेली दिसते. दुसरा प्रकार म्हणजे कुणाचा गुडघा किंवा तीन-चार जणांचं वजन थेट नडगीवर येतं. तेव्हा मोड आडवी असते, कधी मध्ये एखादा तुकडा सुटलेला असतो, आणि भोवतालच्या स्नायूंना जास्त मार लागलेला असतो. तुमच्या मुलाच्या एक्स-रेत मोड कशी आहे, किती वर किंवा किती खाली आहे, हे डॉक्टरांना विचारा. मोड घोट्याच्या जवळ असेल तर ती सांध्यात उतरली आहे का हे बघायला कधी सीटी स्कॅन करतात. तिरप्या पिळाच्या मोडीत ही शंका जरूर घ्यावी.

प्लास्टरवर भागेल का? नडगी प्लास्टरमध्ये जुळते, यात शंका नाही. पिढ्यान्‌पिढ्या जुळत आली आहे. ऑगुस्तो सार्मिएंतो या अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकाने 1967 मध्ये दाखवून दिलं की सुरुवातीचं लांब प्लास्टर काढून गुडघ्याखाली घट्ट बसणारं प्लास्टर किंवा ब्रेस घातला, रुग्णाला चालतं केलं, तरी बंद फ्रॅक्चर छान जुळतं. ती पद्धत आजही खरी आहे. पण तिच्या अटी आहेत. हाडं फार सरकलेली नसावीत, पाय एक सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी आखूड झालेला असावा, वाक पाच अंशांच्या आत असावा, पाऊल आत किंवा बाहेर वळलेलं नसावं. आणि हे सगळं पहिले तीन-चार आठवडे दर आठवड्याला एक्स-रे काढून तपासावं लागतं, कारण सूज उतरली की प्लास्टर सैल होतं आणि आत हाड हळूच सरकतं.

तुमच्या मुलाची दोन्ही हाडं मोडली आहेत. गुडघ्याखाली जाड नडगी आणि तिच्या शेजारी एक बारकं हाड असतं. हे बारकं हाड शाबूत असतं तेव्हा ते एक आधार देतं. दोन्ही मोडली की मोड बहुधा डळमळीत असते. त्यात प्लास्टरच्या वाटेने गेलं तर गुडघा आणि घोटा काही आठवडे अडकून राहणार, मांडी वाळणार. शेतात-दुकानात काम करणाऱ्या माणसाला हे परवडू शकतं, खेळाडूला ते महाग पडतं. म्हणून एक्स-रे न बघताही मी एवढं म्हणेन की 19 वर्षांच्या चढाईपटूची दोन्ही हाडं मोडून सरकली असतील, तर तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे. मीही रॉडच सुचवला असता.

हाच मुलगा 12-13 वर्षांचा असता तर मी वेगळं बोललो असतो. वाढत्या वयात नडगीच्या वरच्या टोकाला वाढीची चकती असते. तिच्यातून जाड रॉड घालत नाहीत. त्या वयात बहुतेक मोडी प्लास्टरमध्येच उत्तम जुळतात, नाहीतर चकती टाळून बाजूने घालायच्या लवचीक सळया असतात. 19 व्या वर्षी ती चकती बंद झालेली असते.

हाडवैद्याबद्दल घरात वाद होणार हे मला माहीत आहे. तालमीत वाढलेल्या वस्तादांनी उतरलेले खांदे बसवलेले, मुरगळलेले पाय चोळून बरे केलेले लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले असतात, आणि ती माणसं पैशासाठी नाही तर मायेने करतात. त्यांचा मी मान ठेवतो. पण मोडलेली नडगी हा वेगळा विषय आहे. ताज्या फ्रॅक्चरवर मालिश केली की आतली टोकं स्नायूंत घुसतात, रक्तस्राव वाढतो. बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या की वर सांगितलेला दाब बाहेरूनही वाढतो, आणि सुजेला कुठेच वाट राहत नाही. अशा पायांत काळपट पडलेली बोटं, कुजलेले स्नायू घेऊन मुलं येतात तेव्हा कधीकधी पाय कापण्यावाचून इलाज उरलेला नसतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगा. त्यांची काळजी खरी आहे, म्हणूनच त्यांच्याशी भांडू नका. त्यांना डॉक्टरांसमोर बसवा, एक्स-रे दाखवायला सांगा.

आता ऑपरेशनचं. लोकांची समजूत असते की रॉड हाडाला जोडतो. तसं नाही. रॉड हाडाला फक्त धरून ठेवतो. जोडण्याचं काम मुलाचं स्वतःचं रक्त आणि हाडातल्या पेशी करतात. एवढी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांच्या मनात पक्की बसली की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात: वजन कधी टाकायचं, तंबाखू का सोडायची, मैदानात कधी उतरायचं.

हाडाच्या पोकळीत रॉड घालण्याची पद्धत गेरहार्ड क्युन्चर या जर्मन शल्यचिकित्सकाने 1939 मध्ये कील शहरात सुरू केली, तीही मांडीच्या हाडासाठी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मांडीत या सळया सापडल्या तेव्हा तिकडचे डॉक्टर चकित झाले होते. त्या साध्या सळयांभोवती हाड फिरायचं, आखूड व्हायचं. 1970 च्या दशकात रॉडच्या दोन्ही टोकांना आडवे स्क्रू घालून तो हाडाशी अडकवायची पद्धत आली आणि ही मोठी अडचण सुटली. आज तुमच्या मुलाला जो घालणार आहेत तो हा इंटरलॉकिंग रॉड.

बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा वाटीच्या वर छोटी चीर देतात, नडगीच्या वरच्या टोकाला वाट करतात, आणि सी-आर्म नावाच्या एक्स-रे यंत्रावर बघत बघत एक बारीक तार मोडीच्या पलीकडे नेतात. त्या तारेवरून पोकळी थोडी रुंद करतात, मग रॉड बसवतात, वर-खाली स्क्रू घालतात. मोडीची जागा सहसा उघडतही नाहीत. हे फार महत्त्वाचं आहे, कारण मोडीभोवती साचलेलं रक्त म्हणजे नव्या हाडाचं बियाणं. ते जागच्या जागी राहतं. पोकळी रुंद करताना निघालेला हाडाचा चुराही मोडीत जाऊन बसतो. पोकळी रुंद करणं बरं की न करणं, यावर बरीच वर्षं वाद होता. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्प्रिंट या मोठ्या अभ्यासात बंद फ्रॅक्चरसाठी रुंद करून घातलेला रॉड फायद्याचा दिसला. पायाचं बारकं हाड सहसा तसंच सोडतात, ते आपोआप जुळतं. घोट्याजवळ मोडलं असेल तर मात्र त्याला वेगळी प्लेट लागू शकते.

प्लेट का नाही, असं कुणीतरी विचारेल. मोड अगदी गुडघ्याजवळ किंवा घोट्याजवळ असेल, सांध्यात गेली असेल, तर प्लेटच लागते. मधल्या भागात मात्र नडगीवर कातडी पातळ. तिथे मोठी चीर आणि वर प्लेट म्हणजे जखम चिघळायची भीती जास्त.

एक गोष्ट टेबलावरच तपासायची असते: पाऊल दुसऱ्या पायाइतकंच वळलेलं आहे का. हाड सरळ दिसतं, पण पाऊल दहा-पंधरा अंश बाहेर वळून राहिलं तर धावण्याची लय कायमची बिघडते. चांगले सर्जन ऑपरेशनआधीच दुसऱ्या पायाशी तुलना करून ठेवतात. तुम्ही विचारलं तर त्यांना राग येणार नाही, यावा असं कारणही नाही.

ऑपरेशन परवा का, आज का नाही? पायावर पाण्याचे फोड असतील, कातडी चकाकण्याइतकी ताणलेली असेल तर थोडं थांबावं लागतं. पण उगाच लांबवण्यातही अर्थ नाही. लांब हाड मोडल्यावर पहिल्या एक ते तीन दिवसांत हाडातली चरबी रक्तात उतरून फुप्फुसांना आणि मेंदूला त्रास देऊ शकते. तरुणांमध्ये हे जास्त दिसतं. मुलाला अचानक धाप लागली, तो असंबद्ध बोलायला लागला, छातीवर-काखेत बारीक लाल ठिपके दिसले, तर लगेच सांगा. हाड लवकर स्थिर झालं की हा धोका कमी होतो.

आता ऑपरेशननंतरचे महिने. हाड जुळण्याला त्याचा वेळ लागतोच. पहिले एक-दोन आठवडे साचलेल्या रक्तात दुरुस्तीच्या पेशी जमा होतात. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास मोडीभोवती मऊ, कुर्चेसारखी गाठ बनते. एक्स-रेत ती नीट दिसत नाही, म्हणून पहिल्या महिन्यात एक्स-रे बघून हिरमुसू नका. सहा ते बारा आठवड्यांत तिच्यात कॅल्शियम भरतं आणि एक्स-रेवर ढगासारखी सावली दिसू लागते. मग ते ओबडधोबड हाड महिनोन्‌महिने, वर्षभराहून जास्त काळ, स्वतःला घासूनपुसून मूळ आकारात आणतं. नडगीला पक्कं जुळायला चार ते पाच महिने लागणं अगदी नेहमीचं. शरीरातल्या लांब हाडांत ती धीमी आहे, कारण तिच्या आतल्या बाजूला स्नायूच नाहीत आणि खालच्या तिसऱ्या भागात रक्तपुरवठा तुटपुंजा आहे.

रॉड मुळात थोडी लवचीक हालचाल होऊ देतो, आणि वजन टाकल्यावर होणारी ती बारीक हालचाल गाठ तयार व्हायला मदत करते. म्हणून मोड आडवी असेल, टोकाला टोक भिडलेलं असेल, तर बरेच सर्जन पहिल्या काही दिवसांतच वॉकरवर, दुखेल तेवढं बेताने वजन टाकायला सांगतात. पीळ असलेली किंवा तुकडे झालेली मोड असेल तर सहाएक आठवडे अर्धं वजन. तुमच्या मुलाला कोणता नियम लागू आहे तो ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडूनच घ्या, शेजारच्या गावातल्या दुसऱ्या रॉडवाल्याकडून नाही. हाड न जुळता धातूवर महिनोन्‌महिने भार पडत राहिला तर धातू थकतो, आधी बारीक स्क्रू तुटतात, मग रॉडही.

घोटा आणि बोटं दुसऱ्या दिवसापासून हलवायची, गुडघा वाकवायचा, मांडी आवळून धरायची. हे फिजिओ दाखवतील. पण दिवसातून एकदा फिजिओ आणि उरलेला दिवस मोबाइल, असं करून भागत नाही. घोटा वर उचलला जाईनासा झाला की पोटरीची शीर आखडते, आणि मग चढाईत खाली झुकून बोनस रेषेपर्यंत पाय टाकणं जमत नाही. याकडे घरच्यांनी लक्ष द्यायला हवं.

तंबाखूबद्दल स्पष्ट बोलतो, कारण मैदानावरच्या बऱ्याच मुलांच्या खिशात पुडी असते आणि वडिलांना ते माहीत नसतं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांची नडगी उशिरा जुळते, न जुळण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त असतं. गुटखा, मावा, मशेरी यांतही तेच निकोटिन आहे. मुलाला रागावू नका, दरडावून कबुली घेऊ नका. त्याला एकट्याला गाठून विचारा आणि हाड जुळेपर्यंत तरी पूर्ण बंद करायला सांगा. तोवर ती सुटली तर परत सुरू करू देऊ नका.

खाण्याचं सोपं आहे. अंडी, मासे, चिकन, डाळी, दूध, दही, शेंगदाणे: रोज पुरेसं प्रथिन पोटात गेलं पाहिजे. ड जीवनसत्त्व कमी असणं आपल्याकडे फार आढळतं. तपासून कमी असेल तर औषध घ्यावं. पाया सूप आवडत असेल तर जरूर द्या, पण त्याने हाड लवकर चिकटतं असं नाही. आणि आंबट बंद करू नका. लिंबू, आवळा, दही खाल्ल्याने टाक्यांत पू होतो ही समजूत घरोघरी आहे, तिला आधार नाही. उलट हाडाचा पाया ज्या कोलॅजेनचा बनतो त्याला क जीवनसत्त्व लागतंच.

घरी गेल्यावर कोणत्या गोष्टींसाठी तारखेची वाट न बघता दवाखाना गाठायचा? टाक्यांतून पाणी किंवा पू, आजूबाजूला वाढती लाली, ताप. पोटरी एकाएकी सुजून दुखणं, आणि त्यासोबत किंवा त्यानंतर धाप लागणं किंवा छातीत दुखणं. ही रक्ताची गुठळी असू शकते, तिथे एक तासही दवडू नका. आणि तीन-चार महिन्यांनंतरही वजन टाकताना मोडीच्या जागीच दुखत असेल, तर हाड रेंगाळतंय. रेंगाळलेल्या सगळ्याच हाडांना लगेच दुसरं ऑपरेशन लागत नाही. बरीचशी सहा महिन्यांपर्यंत आपोआप जुळतात. जुळली नाहीत तर जाड रॉड बदलून घालणं, कमरेच्या हाडातून थोडं हाड घेऊन लावणं असे खात्रीचे मार्ग आहेत.

पुन्हा खेळेल का? खेळू शकतो. बास्केटबॉलपटू पॉल जॉर्जचं उदाहरण तुमच्या मुलाच्या इजेशी जवळचं आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी लास वेगासमध्ये अमेरिकन संघाच्या सराव सामन्यात त्याच्या उजव्या पायाची दोन्ही हाडं मोडली, तीही उघडं फ्रॅक्चर होऊन. त्याच रात्री ऑपरेशन झालं आणि 5 एप्रिल 2015 रोजी तो एनबीएच्या सामन्यात उतरला. म्हणजे आठ महिने, दिमतीला सगळी यंत्रणा असताना. ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू ग्लेन मॅक्सवेल याचा पाय नोव्हेंबर 2022 मध्ये मोडला, ऑपरेशन झालं, आणि 7 नोव्हेंबर 2023 रोजी वानखेडेवर त्याने नाबाद 201 केल्या. त्याचं मोडलं होतं ते बारकं हाड, नडगी नव्हे. त्यामुळे त्याच्या वेळापत्रकाशी तुलना करू नका. मुलाला उमेद द्यायला ते उदाहरण सांगा.

तुमच्या मुलासाठी मी महिने मोजण्यापेक्षा टप्पे मोजेन. एक्स-रेच्या दोन बाजूंत मिळून हाडाच्या चार कडा दिसतात, त्यांतल्या निदान तीन कडांवर नवं हाड पूल बांधून पलीकडे गेलेलं दिसायला हवं. कुबडीशिवाय, न लंगडता, न दुखता चालणं. मग एका पायावर टाच उचलणं, दुसऱ्या पायाच्या बरोबरीने. मांडीचा घेर टेप लावून मोजा. वाळलेली मांडी भरून यायला हाड जुळण्यापेक्षाही जास्त वेळ लागतो, आणि उतावीळ मुलं इथेच चुकतात. हाड सांधलं म्हणून मैदानात उतरतात, कमजोर पायावर वळतात आणि गुडघ्याची लिगामेंट तोडून घेतात. ताकद दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आली, एका पायावर उड्या मारता आल्या, की सरळ रेषेत धावणं. नंतर दिशा बदलत धावणं, मग पकड नसलेली चढाई, मग ठरवून सावकाश केलेली पकड, आणि सगळ्यांत शेवटी खरा सामना. धावणं पाचव्या-सहाव्या महिन्यात, सामना आठ ते बारा महिन्यांत असा साधारण अंदाज धरा. यंदाचा मोसम गेला असं मुलाला आजच सांगा. अर्धवट आशा लावून ठेवली तर तो तुमच्या नकळत सरावाला जाईल.

पहिल्यांदा कुणी घोटा धरला की तो दचकेल. यात भित्रेपणा काही नाही, आणि संघातल्या मुलांनी यावरून त्याला डिवचू नये हे प्रशिक्षकांना सांगून ठेवा. सगळेच जुन्या वेगाला पोचत नाहीत, हेही खरं आहे. त्यासाठी कॉलेज सोडू देऊ नका.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि हाडांची बरीच ऑपरेशनं तिच्यात बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. ऑपरेशनच्या आधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा. हे ऑपरेशन तिथे योजनेत होतं का हे आधीच ठरवावं लागतं, मागाहून मंजुरी मिळवणं अवघड जातं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत हे ऑपरेशन रोज होतं आणि चांगलं होतं. टायटॅनियमसाठी कर्ज काढू नका. चांगल्या प्रतीच्या स्टीलच्या रॉडवरही नडगी तितकीच जुळते.

आणि एक विनंती, तुमच्या मंडळासाठी. लाखाची बक्षिसं लावलेल्या स्पर्धांत स्ट्रेचर नसतं, पाय बांधायला फळी नसते, आणि मोडलेल्या पायाच्या मुलाला चार जण उचलून मोटारसायकलवर मधे बसवून नेतात. असं बघवत नाही. पाय आहे तसा फळीला किंवा दुसऱ्या पायाला हलकेच बांधायचा, ओढून सरळ करायला जायचं नाही, 108 ला फोन करायचा, आणि ऑपरेशन लागू शकतं म्हणून खायला-प्यायला काही द्यायचं नाही. एवढं चार कार्यकर्त्यांना शिकवलं तरी पुरे.

शेवटचा प्रश्न रॉडचा. तो आयुष्यभर आत राहिला तरी चालतो. त्रास नसेल तर काढायलाच हवा असा नियम नाही. पण कबड्डीपटूच्या बाबतीत एक अडचण येते. या ऑपरेशननंतर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखणं फार जणांना राहतं, विशेषतः गुडघे टेकताना, आणि कबड्डीत तर पकड करताना गुडघे जमिनीवर येतातच. तसा त्रास असेल, किंवा स्क्रूचं डोकं कातडीखाली टोचत असेल, तर वर्ष-दीड वर्षाने, हाड पूर्ण जुळल्याची खात्री झाल्यावर रॉड काढता येतो. दुखणं त्याने बहुतेकांचं कमी होतं, सगळ्यांचं पूर्ण जात नाही. त्यासाठी आत्ताच एक काम करा: रॉडच्या पाकिटावरचं कंपनी, लांबी आणि जाडी लिहिलेलं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. प्रत्येक कंपनीचं काढायचं हत्यार वेगळं असतं, आणि कागद हरवला तर दीड वर्षाने सर्जनला अंदाजावर काम करावं लागतं. रॉड काढल्यावर स्क्रूंची भोकं भरून यायला वेळ लागतो, तोवर हाड तिथे कच्चं असतं. चालणं दुसऱ्या दिवसापासून चालेल, पण सहा ते आठ आठवडे पकडीत उतरू देऊ नका, आणि त्यानंतरही नवा एक्स-रे बघूनच.